मुरवणीतली भिंत

ही पोरगी "चालेल" म्हणते.

सकाळी विचारावं, बाई, भाकरी ज्वारीची करू का बाजरीची? चालेल. अगं, काय चालेल? दोन्ही चालतील का एकपण नको? तर हसते आणि म्हणते, "आजी, काहीही चालेल." दार उघडं ठेवू? चालेल. लावून घेऊ? चालेल. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "उद्यापासून उखळ तुझ्या खोलीत आणते आणि पहाटे तिथंच चटणी कुटत बसते." तर त्यालाही चालेल!

मी आयुष्यात सासूशी भांडले, नवऱ्याशी भांडले, पाण्याच्या टँकरवर सगळ्या गल्लीशी भांडले. तीन सुना आल्या, तिघींशी भांडून तिघींना धड केलं. भांडायला समोरच्यानं कुठंतरी पाय रोवलेला लागतो. हिनं पायच टेकवलेला नाही. ढकलायला जावं तर आपलाच हात हवेत जातो आणि आपणच तोंडावर पडायची वेळ येते.

आणि ही माझी घरमालकीण.

नाव मिहिका. वय माझ्या नातीएवढं, पोटुशी, सहावा लागलेला. नवरा समुद्रात पवनचक्क्या उभ्या करतो, दोन-दोन महिने येत नाही. सोलापुरात शेळगीतलं हे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं परस, मी वीसेक वर्षं भाड्यानं राहत आले. जुने मालक गेले. त्यांच्या पोरांनी घर विकलं आणि हिनं घेतलं. घेतलं म्हटल्यावर तिला राहायला यायचं आणि मला जायचं, यात वाकडं काही नाही. घर ज्याचं, त्याचं. मी चटणी विकून चार लेकरं वाढवली, पण कुणाच्या जागेवर हक्क सांगितला नाही.

पण मागायला तरी यावं!

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात ही दारात उभी राहिली. हातात पेढ्यांचा पुडा, डोळे पायांकडं.

"आजी, तुम्हाला गैरसोय होणार नसेल तर... म्हणजे जमेल तेव्हा... आम्हाला जरा इकडं राहायला यायचं होतं."

"घर तुझंच ना?"

"हो."

"मग 'घर खाली करा' असं म्हण की."

"तसं नाही हो, आजी."

"मग कसं?"

ही पुड्याची दोरी सोडते आणि बांधते. शेवटी माझं घर मीच मला खाली करायला सांगितलं. म्हटलं, "पाडव्याला जाते."

ती म्हणाली, "चालेल."

---

आता पाडव्याला जाते म्हटलं, म्हणजे आमच्या आईच्या काळात काय, टेम्पो बोलवायचा, भांडी भरायची, किल्ली द्यायची. आता तसं राहिलं नाही. आता घरं जिवंत आहेत.

सोलापूरचा उन्हाळा पन्नासावर गेला तेव्हाची गोष्ट. दुपारी थंड हवेच्या यंत्रांना वीज मिळायची बंद झाली, म्हातारी माणसं घरात बसल्याबसल्या जायला लागली. तेव्हा हा गिलावा आला. दिसायला साधा, चुना आणि तुसाचा, पण त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव कालवलेले. यासीन भिंतवाला, म्हणजे गिलावा लावतो आणि वर्षाला येऊन तपासतो तो, त्यानं मला तेव्हाच समजावून दिलं होतं.

"मावशी, माठ कसा गार होतो? झिरपतो म्हणून. ही भिंत म्हणजे माठच, पण शहाणा माठ. रात्री तुमच्या श्वासातली, चुलीवरची वाफ पिते. ऊन चढलं की भोकं उघडते, बाहेरच्या अंगानं घाम सोडते, आतली खोली गार. पावसाळ्यात भोकं मिटून घेते. हे सगळं भिंतीतले जीव करतात."

"आणि ते खातात काय?"

"तुम्हाला," म्हणाला मेला, आणि हसला.

खरंच तसं आहे म्हणे. माणसाच्या कातडीवर, केसांत, श्वासात असलेच बारके जीव असतात. आपण घरात नुसतं वावरलो तरी ते सांडत राहतात, आपल्या घामाचं मीठ, तेल, कोंडा सांडत राहतो. भिंत त्यावर जगते. प्रत्येकाचं सांडणं वेगळं. मी लसूण खाते, दिवसभर शेंगदाण्याच्या कुटात हात, अंगाला खोबरेल. माझ्या भिंतीला माझी सवय. विरजणासारखं आहे. शेजारणीचं विरजण आणलं की पहिले काही दिवस दही आपलं लागत नाही, आपल्या हाताला वळायला वेळ लागतो.

आणि जुनं माणूस एकदम उठून गेलं, नवं आलं, तर भिंत उपाशी पडते. गिलावा उतरतो. आंबलेल्या पिठासारखा वास सुटतो, भोकं बुजतात आणि घराची भट्टी होते. एकदा उतरलेला गिलावा पुन्हा धरायला वर्ष जातं. मधला उन्हाळा कुठं काढायचा?

म्हणून आता मुरवणी. जुन्यानं आणि नव्यानं एकत्र राहायचं. भिंतीत नव्याचा वाटा निम्मा झाला की जुन्यानं निघायचं. मालकानं भाडेकरूला हाकलायचे दिवस गेले. ज्याला घालवायचं त्याच्याच शेजारी आधी झोपावं लागतं, त्याची मर्जी सांभाळावी लागते. पोलीस आणून सामान रस्त्यावर फेकलं तर घर मिळतं, पण मेलेलं मिळतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एकानं तसं केलं होतं. त्या वैशाखात बायकोला घेऊन सासऱ्याकडं पळाला.

तर अशी ही मालकीण पुढल्या खोलीत खाट टाकून राहायला आली, आणि मी आतल्या. आणि माझी पाडव्याची घाई अशी की मला पुढं जायचं होतं. अक्कलकोटला माझी धाकटी बहीण कल्लव्वा राहते. तिच्या शेजारची खोली रिकामी होणार होती. बहिणीच्या घरात नाही, बहिणीच्या शेजारी. या दोन्हींत केवढं अंतर आहे ते ज्याला बहीण आहे त्यालाच कळेल. माझं दार, माझी चूल, माझी कडी. मधल्या भिंतीवर थाप मारली की ती चहाला येणार, आणि नको वाटलं की मी थाप मारणार नाही. तिथं चन्नम्मा म्हणून एक नर्स राहायची, ती मुलाकडं बिदरला निघालेली. तिलाही मुरवणीला कुणीतरी हवंच. तिनं सांगितलेलं, पाडव्याला आलात तर तुम्ही, नाही आलात तर दुसरी कुणी.

म्हणजे मी इथून सुटले तर तिथं बसणार. आणि मी सुटणार कधी? ही पोरगी भिंतीत उतरेल तेव्हा.

ती उतरेना.

---

यासीन पहिल्या महिन्याचं माप घ्यायला आला. ओली चकती भिंतीला दाबतो, तळहाताएवढ्या यंत्रात घालतो आणि काचेवर रंग उमटतात. माझा जांभळा, तिचा पिवळा. माझ्या खोलीत जांभळा, बरोबर. स्वयंपाकघरात जांभळा, तेही बरोबर. मग तो हिच्या खोलीत गेला, हिच्या उशीच्या बरोब्बर वर चकती दाबली.

जांभळा. नखाएवढाही पिवळा नाही.

यासीननं यंत्र झटकलं, पुन्हा घातलं. मग हिच्याकडं वळून विचारतो, "बाई, श्वास घेता ना?"

"घेते," ही म्हणाली. त्यातही शरमली, जणू कुणाचा उसना घेतला.

यासीन गेल्यावर मी म्हटलं, "बघ, तू या घरात राहतच नाहीस. तू नुसती ठेवलेली आहेस. बशीसारखी."

तिचं वागणंच तसं. उशाशी हवा धुणारा डबा घरघरतोय. अंगावर मारायचे वासाचे फवारे. जेवण पाकिटातलं, आंघोळ दोन तांब्यांची. दिवसभर पडद्यासमोर बसून परदेशातल्या माणसांशी हळू आवाजात बोलते, आणि त्यांनाही बहुतेक चालेलच म्हणत असेल. आई ऑस्ट्रेलियात. मायलेकी रविवारी वेळ ठरवून बोलतात, दाढदुखीच्या डॉक्टरकडं जावं तशा.

आणि सकाळी! उजाडलं की मी भिंती पुसते. ही आमच्याकडची रीत आहे. सासूनं मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवली. साडी अंगावर विरेपर्यंत नेसायची, मग फाडून तिचं फडकं करायचं, आणि रोज चारी भिंती हात पुरेल तिथपर्यंत ओल्या फडक्यानं पुसायच्या. घरात लक्ष्मी यायची असेल तर भिंतीला धूळ दिसता कामा नये. मुरवणी असो नाही तर काही असो, माझ्या हयातीत ते चुकलेलं नाही. हिच्या खोलीतही मीच पुसते. ही खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसते आणि बघते. तोंडानं "आजी, राहू द्या, मी करते" एवढं म्हणायला काय जातं? पण नाही. बघत राहते, शाळेतल्या पोरीसारखी.

मग मी हिला राहायला शिकवायचं ठरवलं.

पहिला तो हवेचा डबा माळ्यावर टाकला. फवारे परसात नेऊन ओतले, मुंग्या मेल्या. पाकिटं बंद. चुलीपुढं पाटावर बसवलं.

"थाप भाकरी."

"मला येत नाही, आजी."

"येत नाही म्हणूनच थाप. येत असती तर मी कशाला बसवली असती?"

तिची भाकरी सोलापूर जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. मी तीच खाल्ली. वाफ झाली, घाम आला, केस कपाळाला चिकटले, मला बरं वाटलं. म्हटलं, आता भिंतीला कळेल कुणीतरी आलंय. दुपारी तिच्या पाठीला तेल रगडायची आणि भिंतीला टेकवून बसवायची.

"टेक पाठ. अजून टेक. भिंत काय चावते?"

"डाग पडेल ना, आजी."

"पडू दे! डाग पडायलाच घर असतं."

यासीन म्हणाला होता की मीठ लागतं भिंतीला. एके दिवशी मी तिला म्हटलं, "रड."

"आता?"

"आता नाही तर काय मुहूर्त बघून? नवरा दोन महिने तोंड दाखवत नाही, आई वेळ ठरवून बोलते, पाय सुजलेत. रडायला एवढं पुरे नाही?"

ती रडायला गेली आणि तिला हसूच आलं. एवढं हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मी तिचं डोकं धरून भिंतीला टेकवलं, म्हटलं, हे मीठ वाया जाऊ द्यायचं नाही. ती अजून हसली. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

एवढं सगळं करून होळीआधीच्या मापाला पुन्हा जांभळा. यासीन डोकं खाजवत गेला. मी त्या दिवशी जेवले नाही. हिनं ताट वाढून आणलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि मी ढकलून दिलं तर म्हणाली, "नंतर खाल्लंत तरी चालेल."

मी ताट उचलून तिच्या अंगावर टाकणार होते. पोटाकडं बघून टाकलं नाही.

हिच्या नवऱ्याचा फोन आला. पडद्यावर त्याच्या मागं समुद्र हलत होता. "आजी, एवढी घाई कशाला करता? बाळंतपण होईपर्यंत राहा की. मिहिकालाही सोबत होईल."

"हे तुला तिनं सांगितलं का?"

"नाही, नाही. ती कुठं काय सांगते?"

तेवढं मात्र तो खरं बोलला.

---

पाडवा पंधरवड्यावर आला. सकाळी मी फडकं भिजवत होते, कल्लव्वाचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

"अक्का, रागावू नको."

"बोल."

"चन्नम्मानं दुसरी घेतली. काल सामान घेऊन आलीसुद्धा. चन्नम्मा म्हणाली, तुमच्या अक्कांची तिकडची भिंतच हलत नाही, मी किती दिवस हातावर हात धरून बसू?"

"मी पाडव्याला येते म्हटलं होतं तिला. पाडवा झाला का?"

"अक्का, तिला खात्री पाहिजे होती. तू देशील का खात्री?"

मी कशाची खात्री देणार? मी शब्द दिला होता, आणि माझा शब्द दुसऱ्याच्या घामावर अडकून पडला होता. आजवर मी दिलेल्या वेळेला पोचले नाही असं झालं नव्हतं. नवऱ्याला जाळून आले त्या दिवशीसुद्धा गिऱ्हाइकाची चटणी पोचली होती.

"माझ्याकडं ये अक्का," कल्लव्वा म्हणाली. "माझ्या खोलीत. दोघी राहू."

धाकट्या बहिणीच्या खोलीत. तिच्या चुलीवर. तिला विचारून दिवा मालवायचा. मी फोन ठेवला.

आणि फडकं घेऊन हिच्या खोलीत गेले. ही खाटेवर. मी पुसायला लागले. राग असा की फडक्यातून पाणी गळत होतं, कोपरापर्यंत ओघळत होतं. वर पुसलं, खाली पुसलं, उशीच्या वर तर दोनदा पुसलं.

"मावशी, काय करायलाय हे?"

यासीन दारात उभा. शेवटचं माप घ्यायला आलेला. पिशवी अजून खांद्यावर.

"दिसत नाही? भिंत पुसते."

"रोज पुसता?"

"मग काय सणाला पुसू?"

"आणि या खोलीतही?"

"हिला कोण पुसायला ठेवलंय दुसरं?"

त्यानं येऊन फडकं हातात घेतलं. नाकाशी नेलं. "हे कशाचं?"

"माझी इरकल होती. बारा वर्षं नेसले, मग फाडली. का?"

यासीननं चकती काढली, भिंतीला न लावता त्या फडक्याला लावली आणि यंत्रात घातली. काच अशी जांभळी झाली की वांग्यानं लाजावं.

"मावशी," तो खाली बसला. जमिनीवरच बसला. "रात्रभर ही बाई श्वास सोडते, घाम सोडते, भिंतीवर हिचा पातळ थर बसतो. तो धरायला काही दिवस लागतात. तुम्ही रोज सकाळी तो थर पुसून काढताय, आणि नुसता काढत नाही, ओल्या फडक्यानं वरून स्वतःला लावताय. बारा वर्षं अंगावर नेसलेलं कापड! अहो, याच्याएवढं चांगलं विरजण आमच्या कंपनीकडंही नाही."

मी फडक्याकडं बघितलं. हिला शिकवलेली भाकरी, पाठीचं तेल, डोळ्यांतलं मीठ, सगळं मीच दुसऱ्या सकाळी पुसून परसात पिळत होते.

"एवढी वर्षं पुसलं तेव्हा काही झालं नाही ते?" मी म्हटलं. आवाज मला पाहिजे तेवढा चढला नाही.

"तेव्हा तुमचंच तुम्हाला लागत होतं. मुरवणीत नाही चालत. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की! तुम्ही परसात शेंगा वाळवत होता, म्हणून दारात या बाईंना सांगितलं, मावशींना तेवढं सांगा, भिंत पुसायची नाही." तो हिच्याकडं वळला. "सांगितलं होतं ना बाई?"

हिनं उशी ओढून मांडीवर घेतली.

"काय म्हणाली होती तेव्हा ती?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

"म्हणाल्या होत्या, चालेल."

---

यासीनला मी बाहेर बसवलं, पाणी दिलं. जाता जाता तो एवढं सांगून गेला की आजपासून पुसणं थांबलं आणि बाईंनी त्यांच्याच अंगावरच्या कापडानं भिंतीला हात फिरवला, तर पाडव्यापर्यंत निम्मं नाही व्हायचं, पण धरेल. धरलं की पुढं त्या एकट्या सांभाळतील.

मी आत आले. ही तशीच बसलेली.

"का सांगितलं नाहीस?"

ती उशीचा अभ्रा सारखा करायला लागली.

"पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी उठून सांगणार होते, तर तुम्ही पुसतच होता," ती म्हणाली. "इतकं मन लावून पुसत होता. मी नुकतीच आले होते. कसं सांगणार, की हात लावू नका? मला वाटलं, उद्या सांगू."

"आणि उद्या?"

"उद्या पण तुम्ही पुसत होता."

"आणि मग? भाकरी थापलीस तेव्हा? यासीन डोकं खाजवत गेला तेव्हा? मी उपाशी झोपले तेव्हा?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता."

राग एकीकडून येत होता आणि दुसरीकडून आणखी काहीतरी, आणि दोघांची दारात गाठ पडून दोघंही अडकली.

"सकाळी तुम्ही आत यायचात," ती हळू म्हणाली, "फडक्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, घरात कुणीतरी आहे."

"कल्लव्वाशेजारची खोली गेली माझी," मी म्हटलं. "आज सकाळी."

तिचा चेहरा उतरला. तिला ते माहीत नव्हतं. खोलीचं माहीत होतं, पण ती हातची जाईल असं वाटलं नव्हतं. असल्या माणसांना कधीच वाटत नाही. आपण नुसतं गप्प बसलो, आपण कुणाचं काय बिघडवलं, असं त्यांना वाटतं.

"आजी, मग इथंच राहा ना. तुम्हाला जितके दिवस..."

मी खाली पडलेलं फडकं उचललं. तिच्या उशीवरच्या भिंतीवर टेकवलं आणि पुसायला लागले.

"आजी..."

"काय?"

"काही नाही."

"मग पुसू?"

मी पुसत राहिले. वरून खाली, खालून वर.

"आजी, नका ना."

"'नका ना' म्हणजे काय? देवळात नवस बोलतेस का? घर कुणाचं?"

"माझं."

"कुणाचं? ऐकू नाही आलं. माझा कान जुना आहे."

मी फडकं आणखी दाबलं. ती उठली. जड अंगानं, एक हात खाटेवर टेकून उठली, आणि तिनं माझं मनगट धरलं. घट्ट, सोडायला तयार नाही.

"हात काढा! माझी भिंत आहे ती! मी किती वेळा..." तिचा आवाज फाटला. "माझी भिंत आहे, मला नको आहे ती पुसलेली, हात काढा!"

शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला.

मी हात काढला. दोरीवर तिचा एक सुती कुर्ता वाळत होता, मऊ, धुऊन धुऊन फिका पडलेला. तो ओढला आणि टर्रकन दोन तुकडे केले.

"अहो! तो माझा आवडता होता!"

"बघ, आता कसं लागोपाठ तोंड फुटायला लागलं," मी म्हटलं आणि एक तुकडा तिच्या हातात दिला. "याच्यानं पुसायचं. तू. रोज."

तिनं तो छातीशी धरला. डोळे भरलेले. आता रडली असती तर मीठ कामाला आलं असतं, पण मी थांबले नाही. इतके दिवस तोंडाशी आलेलं तिला ऐकवलं.

"आता ऐक, मिहिका. हात माझा चुकला, मी नाकारत नाही. पण तोंड तुझं होतं. मला आजवर वाईट माणसं पुष्कळ भेटली. शिव्या देणारी भेटली, दारातून हाकलणारी भेटली. त्यांनी माझं जेवढं बिघडवलं नाही, तेवढं तुझ्या गोड बोलण्यानं बिघडवलं. तुला मी हवी होते ना? मग 'आजी, राहा' म्हणायचं. मी नाही म्हटलं असतं. तू हट्ट केला असतास, मी चार शिव्या हासडल्या असत्या, दोन दिवस धुसफुसले असते, आणि कुणी सांगावं, चन्नम्माला सांगून बाळंतपणापुरती राहिलेही असते. तू विचारलं नाहीस. अडकवून ठेवलंस. घर खाली करा म्हणायला तुला तोंड नव्हतं, आणि राहा म्हणायलाही नव्हतं. तुझं ते चालेल म्हणजे चांगुलपणा नाही, पोरी, ते खोटं बोलणं आहे, गुळात घोळलेलं. पोटातलं बाळ बाहेर आलं की त्याला तरी हो म्हण नाही तर नको म्हण, मधलं काही शिकवू नकोस. मी पाडव्याला जाते. शब्द दिलाय तसा जाते. धाकट्या बहिणीच्या चुलीपुढं, तिला विचारून, या वयात, तुझ्यामुळं. आणि बाळंतपणाला मी हवी असेन, तर फोन कर आणि मोठ्यानं 'या' म्हण. 'आलात तरी चालेल' असं म्हणालीस, तर अक्कलकोटच्या वेशीबाहेर पाऊल टाकणार नाही मी."